ऊन आम्हाला काय नवीन

स्पेनमधल्या टोलेडोला जायचं ठरलं, तेव्हा मी कंपनीच्या तिकडच्या ऑफिसातल्या एलेनाला फोनवर गाठलं, कारण ती तिथलीच. ती म्हणाली, "दुपारी दोन ते पाच बाहेर पडू नकोस. अडतीस डिग्री असतं."

मी लिफ्ट हलली तरी दचकणारी, पण तेव्हा चक्क हसले. "मी शारजात राहते, एलेना. आमच्याकडे पंचेचाळीस."

हातात एकच दिवस होता, म्हणून मी नवऱ्याला भर दुपारी किल्ल्याच्या चढावर ओढलं. अर्ध्या वाटेत लक्षात आलं, की शारजात मी ऊन फक्त एसीत बसून काचेतून पाहिलंय. डोळ्यांपुढे अंधारी आली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

एका आजींनी दार उघडून आत घेतलं, पाणी पाजलं आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं, "कुठून आलात?"

नवरा हळूच मराठीत म्हणाला, "लंडन सांग."