न भांडणारी बाई

सीताराम: बरां केल्यान! खोक्यात घालून परत पाठवल्यान. एकदम बरोबर केल्यान त्या म्हाताऱ्यान.

वसुधा: हो बाबा.

शेवंती: काय हो बाबा? आत्ता तर पदरानं डोळे पुसत हुतीस. मला न्हाई पटलं, काका. एवढी गुणाची बाई, अन् शेवटाला खोक्यात कोंबली! वरनं दोरी बांधली. गठुडं बांधावं तशी.

सीताराम: बाई खय होती ती? मशीन होता. आत नुसत्या वायरी.

(दहिसरच्या त्या चाळीत पहिला रंगीत टीव्ही परबांकडे आला, म्हणून रविवारी सकाळी अर्धी चाळ परबांच्याच चटईवर. आजच्या हिंदी विज्ञानमालिकेतली यंत्राच्या बायकोची गोष्ट संपली, गर्दी पांगली. संपात गिरणीतली नोकरी गेलेले सीताराम परब, त्यांची सून वसुधा आणि समोरच्या खोलीतली शेवंती एवढी तिघं मागे उरली. सीतारामांची बायको रुक्मिणी जाऊन वर्ष होत आलं. उद्या पहाटेच्या एसटीने सीताराम गावी निघालेत, ते कायमचे. मुलगा चंद्रप्रकाश बोरिवलीला तिकीट काढायला गेलाय. यावर घरात कुणी चकार शब्द काढलेला नाही, आणि वसुधाचं डोकं सकाळपासून ठणकतंय.)

शेवंती: वायरी असू द्यात. बायको मेली म्हणून म्हातारा अन्नपाणी सोडून बसला हुता. लेकानं कंपनीकडनं हुबेहूब तशीच बनवून आणली. तोच चेहरा, तोच आवाज. यानं मागायच्या आधी चहा हजर. मग ह्याला झालं काय?

सीताराम: तोच तर वांधो! मागायच्या आधी हजर. साखर कमी म्हटल्यान, जी हाँ. साखर जास्त म्हटल्यान, जी हाँ. उद्यापासून रात्री बारा वाजता जेवणार म्हटल्यान, तरी जी हाँ! ती बायल काय नंदीबैल?

शेवंती: आमचा मालक घेऊन बदल्यात असलं मशीन कुणी देत असलं, तर मला पत्ता द्या. आजच जाते.

सीताराम: चार दिवसांत परत आणशात. वसुधा, तुका काय वाटलां?

वसुधा: तुम्ही म्हणता तसंच.

सीताराम: मी म्हणतंय तसां नको. तुका काय वाटलां तां सांग.

वसुधा: मला बरी वाटली ती.

सीताराम: मगे परत पाठवल्यान तां चूक?

वसुधा: नाही, बरोबरच असेल. तुम्ही पेज घेता का थोडी?

सीताराम: नको.

वसुधा: बरं.

सीताराम: आण, घेतंय.

वसुधा: आणते हं.

सीताराम: ऱ्हवांदे. नको.

वसुधा: बरं बाबा.

सीताराम: बघितलात, शेवंतीबाई? बघितलात?

शेवंती: काय बघायचं त्यात? तुमचं एवढं हो ला हो करणारी सून अख्ख्या चाळीत न्हाई. आमची मालन माझ्या अंगावर वसकन येते. अन् तुम्ही असल्या सुनेला सोडून गावाला कशापायी निघालात, तेच मला कळंना. कोण आहे तिथं?

सीताराम: घर आसा. विहीर आसा.

शेवंती: अन् बोलायला?

सीताराम: शेजारी सहदेव आसा.

वसुधा: सहदेव? बाबा, त्यांच्याशी तर तीस वर्षं कुंपणावरून तुमचं वाकडं आहे!

सीताराम: हां. मी बाहेर इलो की तो कुंपणाकडे येता. मी म्हणतंय फणस माझो, तो म्हणता माझो. दिवस कसो जाता कळत नाय.

शेवंती: बया! म्हंजे वैऱ्यासाठी चाललाय?

सीताराम: तो निदान नाय म्हणता.

शेवंती: वसू, तू काय म्हणालीस गं, हे जातो म्हणाले तेव्हा?

वसुधा: मी काय म्हणणार? तुमची इच्छा, म्हटलं. लाडू वळून दिले बरोबर.

सीताराम: लाडू वळल्यान! मी तोंडातून शब्द काढून चहाचो कप खाली ठेवलंय नाय, तर हिचो बेसन भाजल्याचो वास इलो. झील चंद्रप्रकाश तर त्याच्या पुढे, सुट्टे पैसे शोधूक लागलो. एकाच्या तोंडातून 'कित्याक जातास, जाव नको' इलां नाय.

वसुधा: मग काय करायला हवं होतं मी? सांगा ना. लाडू वळले ते चुकलं, नसते वळले तर तेही चुकलं असतं.

सीताराम: माका काय विचारतंस?

वसुधा: नाही, आता विचारतेच. त्या मशीनने काय कमी केलं होतं हो? तिला जसं शिकवून पाठवलं तशी ती वागली. पहाटे उठून पाणी तापवलं. चटणीला पाटा-वरवंटा घेतला, घरात मिक्सर असून. सोलकढी त्यांच्यासारखी, वाटण त्यांच्यासारखं, तांदूळ निवडायची सुपाची जागासुद्धा तीच. आणि एवढं करून काय, तर हे नको, घाला खोक्यात!

शेवंती: आगं, सिरियलमधी सोलकढी कुठं हुती?

वसुधा: मावशी, तुम्ही गप्प बसा हो जरा.

सीताराम: बोल, बोल. थांबू नको.

वसुधा: काय बोलू? बोलायचं नाही असंच ठरलंय.

सीताराम: कोणी ठरवल्यान?

वसुधा: आईंनी.

सीताराम: कोणी?

वसुधा: आईंनी, हॉस्पिटलात. तुम्ही खाली औषध आणायला गेला होतात. माझा हात धरून म्हणाल्या, मी जन्मभर भांडले यांच्याशी, तू भांडू नकोस गो. प्रेशर चढतं त्यांचं. म्हणतील त्याला हो म्हण. तुमच्या मुलालाही तेच सांगितलं. आम्ही दोघांनी शब्द दिला त्यांना.

सीताराम: रुक्मीन सांगल्यान? ह्या रुक्मीन सांगल्यान?

वसुधा: हो.

सीताराम: वा! म्हणजे स्वतः माझां रगत आटवल्यान आणि जाताना माझ्या घराचां मसण करून गेली! वर्षभर मी म्हणतंय, हेंका झालां काय? ताटात मीठ घालूक विसरलंस त्या दिवशी, मी म्हटलंय, झकास. मुद्दाम. वाटलां, तू म्हणशीत, बाबा जीभ गेली काय तुमची? तू म्हणालंस, हो बाबा.

वसुधा: मला काय माहीत मुद्दाम म्हणालात ते!

सीताराम: कावळ्यान पण तसांच केल्यान माझ्याबरोबर.

शेवंती: कुठल्या कावळ्यानं?

सीताराम: दहाव्याच्या. पिंड ठेवून मी हात मागे घेतलंय नाय, तर कावळो शिवलो. भटजी खूश. म्हणता पुण्यवान बाई, कसली इच्छा मागे राहिली नाय. सगळे म्हणाले चांगलां झालां. माका असो राग इलो! मिठावरून अडली, रेडिओवरून अडली, माझ्या भावाच्या लग्नात लुगड्यावरून मांडवात अडून बसली. आणि जाताना अडली नाय? एकदा तरी अडायचां! मी तयार होतंय. हात जोडून म्हणणार होतंय, सांग, काय होया तुका, मी करतंय. माका तेवढां पण म्हणूक दिल्यान नाय तिना.

शेवंती: आमच्यात ते कावळ्याचं नसतं, काका. आम्ही बुद्धवंदना घेतो. पण कळलं मला.

सीताराम: माका रडू इलां की मी भांडण उकरून काढतंय. दुसरां माका येत नाय. आणि ह्या घरात भांडूक माणूस नाय. मी काय करू हय रवून?

शेवंती: जाते मी. स्टोव्हवर डाळ ठेवलीय माझी. वसू, जरा इकडं बघ. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोठा, मान्य. पण त्या बाईंना ओळखत हुते मी. आज हितं असत्या, तर पहिलं त्यांनीच मोडला असता. दार ओढून घेऊ?

वसुधा: घ्या ओढून.

सीताराम: गेली. बरां झालां. पाणी दी.

वसुधा: माठात आहे. घ्या.

सीताराम: काय?

वसुधा: माठ तुमच्या हाताशी आहे, म्हटलं.

सीताराम: घेतंय. तर मी उद्या पहाटे निघतंय.

वसुधा: नाही.

सीताराम: काय नाही?

वसुधा: जायचं नाही. संपलं.

सीताराम: तू कोण माका सांगणारी?

वसुधा: ह्या घरची सून. तिथे विहिरीवरून पाणी कोण काढणार? तो सहदेव?

सीताराम: मी काढीन.

वसुधा: काढाल! इथे नळावरून कळशी आणताना जिन्यात दोनदा टेकता. गुडघे बघा स्वतःचे.

सीताराम: तू माका म्हातारो म्हणतंस?

वसुधा: म्हणते. हट्टी म्हणते. ओला टॉवेल रोज माझ्या कॉटवर टाकता, गादीला वास येतो. पहाटे पाचला रेडिओ लावता, सगळ्यांची झोपमोड. आणि मोरीत पानाच्या पिचकाऱ्या मारता! आई ओरडल्या की स्वतः धुवायचात. वर्षभर मी धुतेय.

सीताराम: मगे सांगूचां नाय?

वसुधा: कसं सांगू? तेच तर सांगतेय!

सीताराम: बरां, आणखी?

वसुधा: मला कुळथाची पिठी आवडत नाही. अजिबात नाही. मी मुलुंडची, आमच्याकडे कुणी करत नव्हतं. वासाने मळमळतं मला. तरी दर रविवारी करते.

सीताराम: करतंस ती पण घट्ट. भिंतीक लावूची तशी.

वसुधा: घट्ट? वर्षभर मिटक्या मारत खाल्लीत आणि आता घट्ट?

सीताराम: कंटाळलेलंय मी. पण तू एवढी राबतंस, नको कसां म्हणू?

वसुधा: म्हणजे तुम्हीही!

सीताराम: काय मीही?

वसुधा: तुम्हीही हो ला हो करत होतात. आणि मला नंदीबैल म्हणता!

सीताराम: तुका खय म्हटलंय? त्या मशीनाक म्हटलंय.

वसुधा: मलाच म्हणालात. मी काय कुक्कुलं बाळ आहे? दोरी बांधली ना तिला, तेव्हाच कळलं मला. एवढं करूनही मला आईंची जागा मिळणार नाही. कुणाच्याच मनात.

सीताराम: आणखी?

वसुधा: आणखी काही नाही.

सीताराम: आसा. बोल.

वसुधा: मला आई हव्यात, बाबा. मलाही हव्यात. ऑफिसातून उशीर झाला की दारातच तोंडाचा पट्टा सुरू करायच्या, आणि मग जेवताना गुपचूप माझ्या ताटात तळलेल्या माशाची तुकडी जास्त वाढायच्या. तुमची बायको गेली म्हणून सगळे तुमच्याशी बोलायला येतात. मला कुणी विचारलं नाही. यांना सांगायला गेले तर हे म्हणतात, हळू, बाबा ऐकतील. मी मोरीत नळ सोडून रडते. नळालाही वेळ असते आपल्याकडे, पाणी आलं तरच रडायचं.

सीताराम: हय बस.

वसुधा: हे आता येतील तिकीट घेऊन, त्यांना काय सांगू?

सीताराम: तो इलो की बघू. तू बस.

वसुधा: डाळ टाकायचीय अजून.

सीताराम: ऱ्हवांदे डाळ. नळ नाय आणि काय नाय, हयच रड. उद्या भांडूया.