रोजचा नमुना

भटू : विषच टाकलं कोणीतरी तळ्यात. माझं मन सांगतं, जयू.

जयश्री : काका, विषानं सगळे मासे एका दुपारीत उलथले असते. तुमचे रोज पाच-सहा मरताहेत. हा रोहू बघा. पोट फुगलंय, खवले उभे राहिलेत, कुशीला लाल जखम.

सुभद्राबाई : आठ दिवस झाले, पोरी. बऱ्याच माशांनी चारा बी सोडला. आणि हे सुरतेला पांडेसऱ्याच्या मुकादमाले विचारून बसले, जुन्या मिलमध्ये जागा शे का म्हणून.

भटू : तुले कोणी सांगितलं?

सुभद्राबाई : फोनवर ओरडता तुम्ही. बावीस वर्षं मशीनच्या आवाजात गेली ना.

जयश्री : परवा नेलेला मासा मी आमच्या मत्स्य कॉलेजच्या लॅबमध्ये तपासला, काकी. जंतू आहे तो, बॅक्टेरिया.

भटू : आपल्या बारडोलीच्या तळ्यात आला कुठून?

जयश्री : आला नाही, तो पाण्यात असतोच. माशाच्या अंगावरच्या बुळबुळीत थरातून त्याला सहज शिरता येत नाही. जखम मिळाली की आत जातो, विष सोडतो, रक्ताच्या नळ्या फोडतो. म्हणून हे लाल डाग.

भटू : जखम कोण करेल? बगळ्यांसाठी वरून जाळी बांधली मी.

जयश्री : पाण्यात जाळं कधी ओढता?

भटू : रोज सकाळी. पन्नासेक काढतो, हातात घेऊन बघतो, सोडतो.

जयश्री : रोज?

भटू : मिलच्या डाइंगमध्ये रंगवलेल्या कापडाच्या प्रत्येक लॉटचा तुकडा कापून रंग बघायचो. बघितल्याशिवाय एक लॉट पुढे नाही जाऊ दिला. हा तर जिवंत माल.

सुभद्राबाई : एक दिवस बी चुकवला नाही यांनी, जयू.

जयश्री : काका, कापडाला खरचटत नाही हो.

भटू : म्हणजे मीच.

जयश्री : जाळ्यानं खवले निघाले, थर पुसला गेला. त्यात तळ्यात दाटी.

भटू : माले वाटे, मी जपतो त्यांना.

सुभद्राबाई : जपतच होते. आता पुढचं विचारा.

भटू : दुकानदारानं ही औषधाची पूड दिली. म्हणाला, सगळी ओता.

जयश्री : ओतू नका. कोणतं औषध लागू पडतं ते परवा कळेल. तेवढंच, मापानं, चाऱ्यातून. जे अजून खातात त्यांच्यासाठी. तोवर मेलेले काढून चुना घालून पुरा, पाण्यात हवा सोडणारं मशीन चालू ठेवा आणि जाळं उन्हात वाळवून खुंटीला टांगा.

भटू : वाचतील?

जयश्री : सगळे नाही. पण बरेच.

(पंधरा दिवसांनी, त्याच बांधावर.)

सुभद्राबाई : चार दिवस झाले, एक बी मेला नाही. चारा टाकला की पाणी उकळल्यासारखं होतं.

जयश्री : आणि मुकादम?

भटू : फोन आला होता. म्हटलं, दुसरा माणूस बघ.

सुभद्राबाई : मग एक काढून दाखवा ना तिला, जखम भरली का ते.

भटू : नको. जेवताहेत ते. इथूनच बघू.