लोलक नसलेल्या घंटेच्या टालरबाबत

माझे नाव वीब्के ओपरमान, वय २६, नोकरी नगर संग्रहालयात सहायक, राहणार गिरणी गल्ली, ब्रेमकेनरोडे. मी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की,

आमच्या नेमबाज मंडळात उत्सवात नेमबाजीची स्पर्धा जिंकणारा वर्षभराचा राजा होतो आणि मंडळाची चांदीची साखळी त्याच्या घरी राहते. तिच्यात ड्यूक ऑगस्टच्या काळातला, सन १६४३चा दुर्मीळ टालर, म्हणजे चांदीचे मोठे नाणे, होता. त्यावर लोलक नसलेली घंटा आहे. गेल्या वर्षीचे राजे माझे वडील हार्टमूट ओपरमान. साखळीची डागडुजी एवाल्ड बोस्से, वय ७४, करतात; तिच्या पेटीची एक किल्ली त्यांच्याकडे असते.

यंदाच्या उत्सवात वडिलांनी साखळी परत दिली. ती नव्या राजाला घालण्याआधी मला टालरची माहिती सांगण्यास बोलावले. मागून कोणी ओरडले, "पंडितबाई, आटपा, बिअर कोमट झाली!" बोस्से यांनी नाणे कडीतून सोडवून माझ्या हातात दिले. मी ते वाजवले. चांदी खणखणते, हे बद्द वाजले. नाणे नकली असल्याचे मी ध्वनिक्षेपकावरून सांगितले. कड्या कोण उघडतो, असे अध्यक्षांनी विचारले. मी बोस्से यांचे नाव घेतले. वडील शेजारी उभे होते.

दुसऱ्या दिवशी, नाणे बोस्से यांनीच बदलले असावे या मी पोलिसांना दिलेल्या जबाबावरून, त्यांच्या घराची झडती झाली. काही मिळाले नाही.

त्या संध्याकाळी मी घरचे कपाट पाहिले. नोकरी लागली तेव्हा याच टालरची प्रतिकृती संग्रहालयाच्या दुकानातून घेऊन मी वडिलांना दिली होती. तिची चौकट रिकामी होती. आई म्हणाली, "एवढं शिकलीस, आधी घरात विचारलं असतंस तर?" वडिलांनी सांगितले की, हिवाळ्यात मंडळाचे लोक दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे कोबी-सॉसेज खायला रानातून पायी गेले तेव्हा ते साखळी घालून गेले. ओढ्याकाठी घसरले, टालर तुटून पडला, तो सापडला नाही. प्रतिकृतीला कडी त्यांनीच पकडीने वळवून लावली. म्हणाले, "राजानं टालर चिखलात घालवला, हे चारचौघांत सांगू? कुणाला कळणार होतं? तुझ्याशिवाय."

त्यानंतर मी कोणाला काही सांगितले नाही. बोस्से यांचे मंडळात येणे बंद झाले.

काल ते संग्रहालयात आले. साखळीच्या पेटीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "घे पोरी. तुझे दुधाचे दात पडत होते तेव्हा मांडीवर बसवून हा टालर मीच तुला दाखवला होता. आता साखळी तूच सांभाळ, तुला कळतं." मी त्यांना बसा म्हटले नाही.

बोस्से यांच्याविषयी माझ्या पहिल्या जबाबात जे लिहिले आहे ते खोटे ठरले आहे. वडिलांविरुद्ध बोलण्याची माझ्यावर सक्ती नाही, हे अधिकाऱ्यांनी मला दोनदा समजावून सांगितले. मला ते समजले. मी येथे आल्याचे घरी माहीत नाही. जेवायला ते माझ्यासाठी थांबले असतील.

वरील जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. प्रत घरच्या पत्त्यावर पाठवायची का, असे विचारले. ती मी स्वतः घेऊन जाते.