भोंग्याची चावी

(थोरल्याच्या घरचं स्वयंपाकघर. दारामागच्या खुंटीवर त्याचं पिवळं हेल्मेट.)

थोरला : …आणि चारही चाकं वळतात, हे ध्यानात ठेव. अरुंद जागेत मागचा भाग भिंतीला घासतो.

धाकटा : दादा, तू शिकवशील असं वाटलं नव्हतं.

थोरला : मला काढलं, उद्यापासून माझ्या सीटवर तू. त्यात मशीनचा काय दोष?

वहिनी : मग दोष कुणाचा, तेही सांगून टाका.

थोरला : तू थांब गं. हे बघ, साधं फोर्कलिफ्ट माल सरळ वर नेतं. आपल्या बांधकामावरच्या या मशीनचा हात वरही जातो आणि पुढेही, नळीतून नळी निघावी तसा. म्हणून तर चराच्या अलीकडे उभं राहून पलीकडच्या तिसऱ्या मजल्यावर विटा देता येतात. काटे काढून बकेट लावलं की खडी भरायची, हूक लावला की तुळई उचलायची.

धाकटा : चार टन उचलतं ना?

थोरला : हात मिटलेला असला तर. पूर्ण लांबवलास की एक टनही जड. अंथरूण पाहून पाय पसरायचे. मशीनचे पुढचे दोन पाय जमिनीला टेकव, केबिनमधला वजनाचा तक्ता बघ, मगच हात पुढे सोड. नाहीतर मागची चाकं हवेत आणि मशीन नाकावर.

धाकटा : त्याआधी भोंगा वाजतोच की.

थोरला : वाजतो. हातही आपोआप थांबतो. कुणी भोंग्याची चावी फिरवून हे दोन्ही बंद केलं नसेल तर.

वहिनी : भावजी, चहा निवतोय.

थोरला : त्या दिवशी चावी कुणी फिरवली?

धाकटा : झालं गेलं ते आता…

थोरला : कुणी?

धाकटा : मुकादमाने. दिवसभर कटकट नको म्हणाला. तू यायच्या आधी.

वहिनी : आणि चौकशीत तुम्ही सांगितलंत, भोंगा वाजत होता, दादानेच ऐकलं नाही! मशीन कलंडून गवंड्याचा पाय गेला, त्याचं खापर यांच्या डोक्यावर. लाज नाही वाटली?

धाकटा : वाटली, वहिनी. पण खरं बोललो असतो तर दोघंही घरी बसलो असतो. आईची औषधं कुणी आणली असती?

थोरला : सीट तुला मिळेल, हेही मुकादम तेव्हाच म्हणाला?

धाकटा : …हो.

थोरला : चूक माझीही आहे. रोज चढल्यावर मी आधी चावी बघतो. त्या दिवशी खाली तू होतास, 'येऊ दे, येऊ दे' करत. म्हटलं, सख्खा भाऊ उभा आहे, बघायचं काय?

धाकटा : दादा, उद्या जाऊन सगळं खरं सांगू?

थोरला : सांगशील?

वहिनी : बघा. मान खाली गेली.

थोरला : राहू दे. ते हेल्मेट घेऊन जा. पट्टा तुझ्या मापाचा करून घे.

धाकटा : चावी रोज बघेन मी. शप्पथ.

थोरला : शपथ नको. खाली इशारे द्यायला परका माणूस उभा कर. परका असला की आपण चावी बघतो.