करवंटीची नखं

"अज्जी, त्या भुताच्या हाताची शिवण दिसतेय!" माझा नातू रोहन टीव्हीसमोर पोट धरून हसत होता आणि मी भडकले होते.

"दिसेना का! तो हात मी शिवलाय."

तुम्हीच सांगा, का भडकू नये? येलहंक्यातल्या एका रिकाम्या घरात आठ दिवसांत उरकलेला तो भुताचा सिनेमा. कपडे शिवायला म्हणून मला नेलं. शिवणकाम मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि भुताचा हात कसा शिवतात हे तर तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी गोणपाट शिवलं, आत भुसा भरला, बोटांना करवंटीची नखं लावली आणि पलंगाखालून तो हात काठीने मीच ढकलला. थिएटरात बायका किंचाळल्या होत्या!

आणि हा, एचएसआर लेआउटच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर राक्षस बनवणारा, मला म्हणतो, "आमच्या एका भुतामागे चाळीस माणसं राबतात, अज्जी. हे तुझं स्वल्प बालिश नाही वाटत?"

"तुमच्या चाळीस जणांच्या भुताला घाबरलेल्या एकाचं तरी नाव सांग."

"मग ह्याला तरी आज कोण घाबरणार?" तो पुन्हा खिदळला.

मी चष्मा पुसून सोफ्याकडे नीट पाहिलं आणि म्हटलं, "एवढं हसू येतंय ना, मग पलंगाखालून हात आल्यापासून वर घेतलेले पाय आधी खाली सोड."