राहू दे, पुढचं घे!

नाही नाही, आधी शेवट ओळखून दाखवा! दाखवाच! आमची सून परीक्षेला बसली, गणितात आपटली, पुन्हा बसली... आता ती पास झाली की पुन्हा आपटली ते नका सांगू, ते काय, पाळण्यातलं पोरसुद्धा अंदाजाने सांगेल. या सगळ्याची किंमत शेवटी कुणाच्या गळ्यात पडली, ते ओळखा! लावता पैज? नाही ना? मग गप ऐका, आणि मध्येच माझ्या तोंडाकडे बघून च्‌ च्‌ करू नका, मला राग येतो.

आमचं दुकान रफूचं. म्हणजे तुमचा कोट सिगरेटने जळला, शालीवर उंदराचं प्रेम बसलं, नवी पँट खिळ्याला अडकून टर्रर्र झाली, की तुम्ही पिशवी पोटाशी धरून चोरासारखे येता ना, ते दुकान. पुढे काउंटर, त्यावर गिऱ्हाइकाने थाप मारायची ती पितळी घंटी, टिंग! आणि मागच्या खोलीत आमचं सगळं घर. मी, आमची म्हातारी, आमचे चिरंजीव, ते कपडे आणायचं-पोचवायचं बघतात, फार बोलत नाहीत, बोलायला जागाच मिळत नाही बिचाऱ्याला, आणि सूनबाई. काडीसारखी पोर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पण सुई हातात आली की बघत राहावं! कोटाच्याच आतल्या शिवणीतून दोरा काढणार, उभा-आडवा विणणार, आणि भोक कुठे होतं ते मालकाला शोधायला लावणार. आणि शिकलेली हो! मी नाही. मी सही करतो तर बँकेतली बाई विचारते, "आजोबा, पेन चालत नाहीये का?"

तर दुकानात कायदा एकच, आणि तो म्हातारीचा. भोक हातात घेतलं की बुजेपर्यंत उठायचं नाही. कारण अर्धं ठेवलं की कडेचे दोरे सुटतात, सकाळी बोटाएवढं होतं ते संध्याकाळी मूठभर होतं. मी हा कायदा आयुष्यभर मोडत आलो, ते सोडा. पण सूनबाईने काय केलं, तो रक्तात भिनवला! घर पेटलं तरी म्हणेल, "आले हं बाबा, दोनच टाके राहिलेत."

आता हिच्या मनात काय आलं, तर दुकान मोठं करायचं. म्हणाली, "बाबा, फाटके कपडे जगभर आहेत, आपण एकाच गल्लीत का बसलोय?" बरोबरच ना! त्यासाठी धंदा शिकवायचं मोठं कॉलेज असतं म्हणे. मी म्हटलं, धंदा शिकायला कॉलेज? मग जातीस तर जा, येताना मलाही थोडा आण. पण त्या कॉलेजच्या दारात परीक्षा, आणि परीक्षेत गणित! पहिल्यांदा बसली, तर वाचनाचे मार्क माझ्या मिशीसारखे वर, आणि गणिताचे माझ्या पायजम्यासारखे... जाऊ द्या, बायकामाणसं बसलीत.

घरी आली, पुस्तकं बांधली, शिलाई मशीनच्या खाली पायाने सारली. म्हणाली, "आता एकदाच बसते बाबा. पुन्हा गणितात आपटले, तर हा विषय घरात काढायचा नाही. कुणीच." आणि रडली नाही हो! रडली असती तर मी नकला करून हसवली असती, ते जमतं मला. रडली नाही, उलट माझ्या सदऱ्याचं बटण घट्ट करायला बसली. बटण घट्टच होतं!

त्या रात्री मी ताट अर्धं सोडून उठलो. म्हातारी म्हणाली, गॅस असेल.

मग तिचा तो क्लासचा मास्तर. नाकात बोलतो. हिचे हात कोटात अडकलेले, म्हणून फोन टेबलावर, आवाज मोठा, म्हणजे मी ऐकणारच की! तो म्हणतो, "मॅंडम, तुंमचं गंणित कच्चं नाहींये! तुम्ही करता तें बरोबर येतंच! पण एका गणिताला चिंकटून बसता, घंड्याळ पळतं, आणि शेवटची गणितं कोंरी! कोंरी राहिली की मार्क धांडकन खाली! अडलं की कॉंम्प्युटरवर अंदाजाने एक बटण दाबा आणि पुढे चंला!" ही काय म्हणते? "सर, पण अर्धं कसं ठेवून जाऊ?" तो म्हणतो, "मॅंडम, तें गणित आहे, तुमचं बांळ नाही!"

मी म्हटलं दाखव बघू, कुठलं गणित तुला धरून ठेवतं? तर म्हणाली, टाकीचं. एक टाकी, तिला दोन नळ, दोन्हीतून पाणी येतंय, आणि खाली एक भोक, त्यातून पाणी जातंय, तर टाकी कधी भरेल? आता तुम्हीच सांगा, रफूवालीला हे गणित घालतात? मी म्हटलं, "भरायची कशाला घाई? आधी भोक बुजवा की! टाकीचा मालक कोण? झोपलाय का?" ती हसली. पण नजर तिकडेच, त्या भोकावर. मला सगळं कळलं! पोर गणितात कच्ची नव्हती, पोर आमच्या दुकानाची होती! उघडं भोक दिसलं की हिचा पाय पुढे पडत नाही, आणि परीक्षेला काय हवं, तर उघडी भोकं टाकून पुढे पळणारा माणूस. म्हणजे कोण? म्हणजे मी! अहो, आयुष्यात एक गोष्ट पुरी केली असेल तर शपथ! अर्धवट सोडण्यात माझा हात धरणारा पैदा व्हायचाय!

म्हटलं, सूनबाई, मास्तर बदल. मी शिकवतो.

काउंटरवरची घंटी उचलली आणि खिशात टाकली. कायदा नवा. मी टिंग केलं की हातातलं जे असेल ते तिथेच ठेवायचं आणि म्हणायचं, राहू दे, पुढचं घे! चहा अर्धा प्यालीय? टिंग! राहू दे, पुढचं घे! चादरीची घडी एक बाजूला झालीय? टिंग! चिरंजिवांशी भांडतेय, ऐन रंगात आलंय, "तुम्हाला ना, मी कधीची सांगतेय..." टिंग! राहू दे, पुढचं घे! चिरंजीव माझ्या पाया पडायचे बाकी राहिले होते. एक दिवस केस विंचरताना टिंग केलं, तर दिवसभर एक वेणी घातलेली आणि अर्धं डोकं मोकळं! एक गिऱ्हाईक बघतच राहिलं, हिने चष्मा वर करून विचारलं, "कोट आणलाय की नुसतेच आलात?"

सुरुवातीला हाल झाले पोरीचे. कप खाली ठेवायची, पण बोट कपाच्या कानातून निघायचं नाही. डोळ्यांत पाणी यायचं हो, अर्ध्या चहासाठी! मला वाटायचं, म्हाताऱ्या, बस कर, सुनेला छळतोस? पण मग मशीनखालची ती पुस्तकं आठवायची, आणि मी पुन्हा टिंग!

आणि आमची म्हातारी? "अहो, चळ लागलाय का तुम्हाला! मी घालून दिलेली शिस्त तुम्ही उसवताय!" मग दुधाचं प्रकरण झालं. सूनबाई दुधापाशी उभी, मी टिंग केलं, ती शहाण्यासारखी निघून आली, आणि दूध, ते काय घंटीचं ऐकतंय? ते आलं वर, ओट्यावरून खाली, खालून म्हातारीच्या पायाशी! म्हातारीने घंटी जप्त केली, उशीखाली घातली आणि वर झोपली. मी चमचा आणि पेला घेतला, टिंग! शेवटी तिनेच आणून आपटली समोर, "घ्या! पण गॅसपाशी वाजवलीत तर तुम्हालाच बुजवीन!"

पण खरा मारा तो नव्हताच. खरा मारा गोष्टींचा! सूनबाईला गोष्टीचा भारी नाद, आणि गोष्ट अर्धी तुटली की ती अर्ध्या भोकापेक्षा जास्त टोचते. मग मी सुरू करायचो, ऐन शेवटाला आलं की टिंग! अशा कितीतरी मारल्या, पचवल्या तिने. म्हटलं, तयार झाली पोर. आता शेवटची, मोठी. परीक्षेच्या आदल्या दुपारी सांगायला बसलो. एक वकील होता. दुकानात आला, कोटाला पाठीवर हे एवढं भोक. मी म्हटलं, बुजवून देतो. तर तो खाली वाकला, इकडे-तिकडे बघितलं, आणि कानात म्हणाला, "रफू अशी करा की कुणाला दिसता कामा नये... पण भोक मात्र बुजवू नका."

टिंग!

"बाबा! असं नाही हं! भोक का ठेवायचं होतं त्याला?"

"राहू दे, पुढचं घे!"

"बाबा, एवढं एकच सांगा!"

"राहू दे!"

तिने डोळे मिटले. ओठ दाबले. आणि उठली, खरंच उठली, पुस्तक उघडून पुढचं गणित घ्यायला बसली. तुम्हाला सांगतो, घंटी खिशात टाकताना माझ्याकडून दोनदा खाली पडली. म्हातारपणामुळे. दुसरं काही नाही.

परीक्षेला आम्ही सगळे गेलो, दुकानाला कुलूप. ती आत, आम्ही बाहेर कट्ट्यावर. चिरंजीव चालताहेत इकडून तिकडे, म्हातारी तोंडातल्या तोंडात काही पुटपुटतेय, मी मात्र शांत, अगदी शांत, फक्त खिशातल्या घंटीवर बोट, तर ती आपोआप वाजते हो! दारावरचा पहारेकरी येऊन म्हणतो, "आजोबा, आत मुलं पेपर देताहेत, खेळणी घरी ठेवा."

आली बाहेर. चेहरा असा, की काही कळेना. कुणी काही विचारायच्या आत माझ्यापाशी आली. म्हणाली, "बाबा, टाकी आली होती."

मी म्हटलं, "मेलो."

"तीन नळ होते. आणि खाली भोक. मला येत होतं बाबा, येत होतं, पण वेळ खाणार होतं. हात थांबलाच. मग माझ्या तोंडून मोठ्यांदा निघालं, राहू दे, पुढचं घे! पहाऱ्यावरच्या बाईंनी दटावलं, आणि शेजारच्या मुलाने दचकून स्वतःचं पण बटण दाबून टाकलं." आणि हसली, आणि हसता हसता रडली, म्हणाली, "मी वाहती टाकी तशीच ठेवून आले हो बाबा!" लहान मूल गर्दीत विसरून आल्यासारखी! मी म्हटलं, अगं, वाहू दे, पाणी त्यांचं, टाकी त्यांची! म्हातारी बाजूने म्हणते, "पण शेवटचं गणित घेतलंस का गं?" ती म्हणाली, "घेतलं. सगळी घेतली. एकही कोरं नाही." तेव्हा आमच्या कायदेवाल्या म्हातारीने काय केलं माहितीय? भर रस्त्यात तिची सुटलेली वेणी घालायला घेतली. आणि पुरी घातली. मी टिंग केलं नाही, मला जीव प्यारा आहे.

मार्क? मार्क कसे वर गेले विचारू नका! मास्तराचा फोन आला, आनंदाने त्याचं नाकच मोकळं झालं, नीट बोलायला लागला माणूस! कॉलेजने बोलावलं. लांबच्या शहरात, राहायचं पण तिथेच. चिरंजीव सुट्टीला जाऊन-येऊन करणार. बरं झालं! मी सगळ्यांना सांगत फिरलो, बरं झालं!

निघायचा दिवस. मोटार दारात. मी म्हटलं, बॅगेचा पट्टा ढिला आहे. ओढला. पुन्हा ढिला वाटला, पुन्हा ओढला. मग म्हटलं शिवण बघू, प्रवासात उसवायची. ड्रायव्हर हॉर्न मारतोय, मी पट्टा धरून बसलोय. आणि माझ्या कानापाशी... टिंग!

खिसा चाचपतो, तर घंटी नाही! तिच्या हातात! माझ्याच खिशातून मारलेली! चष्मा नाकाच्या शेंड्यावर, डोळे भरलेले, म्हणते, "बाबा, राहू दे. पुढचं घ्या."

सुटला हात. काय करणार, कायदा माझाच!

आणि घंटी घेऊन गेली ती. आता गिऱ्हाईक काउंटरवर येतं आणि "अहो कोण आहे का" म्हणून ओरडतं, मला मेलं ते आवडत नाही. पण संध्याकाळी फोन येतो. रोज. म्हातारीशी बोलते, आणि मग, "बाबांना द्या. हं बाबा, आता परीक्षा झाली, मार्क मिळाले, आता तरी सांगा, त्या वकिलाने भोक का ठेवलं?"

अहो, काय सांगू तिला? वकील आला कधी! कोट होता कुठे! ऐन वेळी तोंडाला आलं ते बोललो, पुढे टिंग करायचंच होतं, शेवट करतोय कोण! आता सुई हातात घेतली की तेच, जेवायला बसलो की तेच, भोक ठेवायचं, पण दिसायचं नाही, का? का?! फोनवर मी खोकतो, पाणी पितो, म्हणतो, आज दुकानात गर्दी आहे गं. ती तिकडून म्हणते, "बरं बाबा, राहू दे. उद्या सांगा." आणि उद्या पुन्हा फोन करते.

तर ही किंमत, मंडळी! अख्ख्या घराला राहू दे, राहू दे म्हणत नाचवणारा हा म्हातारा, सगळं सोडून एका भोकापाशी अडून बसलाय, आणि पुढचं काही घेता येत नाहीये. तुमच्यापैकी कुणाला शेवट सुचला तर मला हळूच सांगा, झोप तरी लागेल. पण तिच्या कानावर घालू नका हं... नाहीतर फोन बंद व्हायचा!