कॅल्शियम जास्त पडलंच नव्हतं

(दहिसर, १९८५. चाळीतली खोली, संध्याकाळ. क्षमा परब नुकतीच प्रयोगशाळेतून आई-बाबांकडे परतली आहे.)

सहदेव : म्हणजे तुझे गाईड सर स्वतः बसले मशीनवर? तुझ्या जागेवर?

क्षमा : हो बाबा, सकाळी नऊपासून. पाण्यात क्षारसुद्धा स्वतःच्या हाताने मिसळले. मला बाटलीला हात लावू दिला नाही.

सहदेव : इतको अविश्वास?

क्षमा : आठ महिने हेच ऐकतेय ना! 'क्षमा, तुझ्या हातून कॅल्शियम जास्त पडतं. ते आकडे प्रबंधातून काढ, डिग्री घे आणि मोकळी हो.'

सहदेव : आणि तू?

क्षमा : नाही म्हटलं. जास्त पडलंच नव्हतं.

चंपा : मी सांगून थकले, काढून टाक गो बाय. सरांशी वाद कशाला?

सहदेव : तू थांब गो. क्षमा, माका नीट सांग. ते आकडे कसले?

क्षमा : बेडकाची नस आणि स्नायू. चिकटलेले दिसतात, पण मध्ये बारीकशी फट असते. नसेतून संदेश आला की तिच्या टोकात कॅल्शियम शिरतं. मग तिथल्या इवल्या पिशव्या उघडतात, त्यातलं रसायन फट ओलांडतं आणि स्नायू आखडतो.

सहदेव : कॅल्शियम नाय, तर काम नाय.

क्षमा : बरोबर! पण त्यातलं थोडं रसायन नसेच्याच टोकावर परत येऊन बसतं. तिथे रिसेप्टर असतात. ते नसेला सांगतात, बस झालं. मग कॅल्शियम कमी शिरतं, रसायनही कमी सुटतं. मी औषध घालून ते रिसेप्टर बंद केले, तर रसायन वाढलं.

चंपा : थांबवणाराच गेला, मग वाढणारच की.

क्षमा : आई! अगं, हेच सरांना पटत नव्हतं. म्हणायचे, कॅल्शियम जास्त पडलं म्हणूनच रसायन वाढलं.

सहदेव : मग आज काय झाला?

क्षमा : चार वेळा केलं त्यांनी. चारही वेळा आकडा वाढला, माझ्यासारखाच. मग सगळ्यांसमोर म्हणाले, 'चूक माझी होती. पेपरवर पहिलं नाव क्षमाचं.'

चंपा : अहो, ऐकलंत? पहिलं नाव आपल्या क्षमाचं!

सहदेव : गिरणीत एकदा कापडात खोट निघाली, तेवा मी खात्याच्या मास्तराक सांगितलंय, माग बरोबर आसा, सूतच कच्चा आसा. कोणी सूत ओढूनसुद्धा बघितलं नाही. खोट माझ्याच माथी मारली.

क्षमा : हे कधी बोलला नाहीत, बाबा.

सहदेव : काय बोलू? दुसऱ्यांदा सांगायचं धाडस नव्हतं.

क्षमा : भीती मलाही वाटत होती हो.

सहदेव : वाटतलीच. तरी आकडे नाय काढलंस.